यामागुची मोमोए यांच्या सिंगल तबकड्या : 1973 ते 1978 पर्यंतची वाटचाल

सत्तरच्या दशकातील जपानी गायिका यामागुची मोमोए यांच्या 32 सिंगल (एक-दोन गाण्यांच्या) तबकड्या प्रकाशनाच्या क्रमाने, एकही न वगळता ऐकायच्या, या संकल्पाचा 1978 पर्यंतचा टप्पा पुरा होत आला आहे. 2020 मध्ये त्यांची सहाशेहून अधिक गाणी स्ट्रीमिंगवर आली, त्यामुळे जपानबाहेरच्या श्रोत्यांची मोठीच सोय झाली. निवडक गाण्यांच्या संग्रहातून सहसा न जाणवणारी एक गोष्ट या क्रमात ठळकपणे कानावर येते. त्यांच्या खालच्या पट्टीतल्या, किंचित गडद आवाजाला साजेशी गाणी 1976 पासून मिळू लागली, आणि ती मिळवण्यात सतरा वर्षांच्या मोमोए यांचा स्वतःचा पुढाकार होता.

सुरुवातीच्या गाण्यांबद्दल थोडक्यात लिहितो. 1959 साली तोक्योत जन्मलेल्या आणि योकोसुका या नौदलाच्या तळाच्या गावात वाढलेल्या मोमोए 'स्टार तांजो!' या दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेतून पुढे आल्या. मे 1973 मध्ये, चौदाव्या वर्षी, 'तोशिगोरो' ही त्यांची पहिली तबकडी निघाली. मात्र त्यांचे नाव झाले ते दुसऱ्या, 'आओइ काजित्सु' या गाण्याने. सेंके काझुया यांचे शब्द आणि तोकुरा शुनइची यांची चाल असलेली ही गाणी कोवळ्या मुलीच्या तोंडी सूचक शब्द घालणारी आहेत, आणि ती सलग ऐकताना मला अवघडल्यासारखे होते. 1974 च्या 'हितोनात्सु नो केइकेन' नंतर पत्रकार त्या गाण्यातल्याच शब्दांचा धागा पकडून पंधरा वर्षांच्या मोमोए यांना, मुलीजवळची सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे खोदून खोदून विचारत आणि त्या 'मनाचा खरेपणा' एवढेच उत्तर देत. गाण्यातही त्यांचा हाच ताठपणा ऐकू येतो. शब्द लाडिक असले तरी स्वर लाडात येत नाही.

जून 1976 मधील 'योकोसुका स्टोरी'पाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. गीतकार आकी योको आणि संगीतकार उझाकी र्यूदो हे पतिपत्नी. उझाकी तेव्हा रॉक बँडचे प्रमुख म्हणून गाजत होते, आणि आपल्यासाठी याच जोडीने गाणे करावे, ही इच्छा मोमोए यांनीच व्यक्त केली होती. आकी यांचीही शाळेतली वर्षे योकोसुकातच गेलेली असल्यामुळे समुद्र दिसणारा चढाचा रस्ता त्यांच्या शब्दांत ओळखीचा होऊन येतो. गाणे ध्रुवपदानेच सुरू होते. एकच छोटा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि मोमोए तो न विनवता, जणू उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा विचारतात. हागिता मित्सुओ यांचे संगीत-संयोजन हेडफोनवर ऐकावे, कारण त्यात वाद्यमेळ गायिकेच्या पुढे धावत नाही. मोमोए यांच्या सिंगल तबकड्यांत सर्वाधिक खप याच तबकडीचा झाला, आणि योकोसुका-चूओ या स्थानकावर गाडी येताना आजही हीच धून वाजते.

1977 चे 'इमिटेशन गोल्ड' मला आवडते, पण त्याच वर्षीच्या सादा मासाशी यांनी मोमोए यांच्यासाठी लिहून स्वरबद्ध केलेल्या 'कॉसमॉस'समोर ते फिके पडते. लग्नाच्या आदल्या दिवशीची मुलगी आणि जुने फोटो चाळत बसलेली आई, एवढाच प्रसंग आहे. लेक सासरी निघण्याच्या आपल्याकडच्या गाण्यांत गहिवर उघड असतो. इथे तो आईच्या हलक्या खोकल्यात आणि तिच्या त्याच त्या आठवणी पुन्हा सांगण्यात दडलेला आहे. अठरा वर्षांच्या गायिकेने ते एकदाही आवाज न कापवता गायले आहे. आईने एकटीने वाढवलेल्या मुलीला हे गाणे किती जवळचे वाटले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मे 1978 च्या 'प्लेबॅक पार्ट 2'मध्ये आकी आणि उझाकी यांची रचना आणखी धाडसी झाली आहे. लाल मोटारीतून एकटी निघालेली स्त्री चौकात भांडणाऱ्या दुसऱ्या चालकाला खडसावते, तेवढ्यात ती स्वतःच थांबते, वाद्ये तुटतात, आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवले गेल्यावर कळते की आदल्या रात्री तिने ते आपल्या प्रियकराला सुनावले होते. तुटलेल्या त्या क्षणात ताल सुटत नाही. मी बोटाने मात्रा मोजत ऐकले, तेव्हा पुढचा शब्द नेमका किती आवरून टाकला आहे ते कळले. हेच गाणे गाऊन त्यांनी त्या वर्षीच्या 'कोहाकु'मध्ये, म्हणजे गायक आणि गायिकांच्या संघांत वर्षअखेरीस रंगणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, एकोणिसाव्या वर्षी, गायिकांच्या संघाचा शेवटचा, मानाचा क्रम सांभाळला.

या टप्प्यातले शेवटचे गाणे, तानिमुरा शिंजी यांनी रचलेले 'इइ ही ताबिदाची', जपानच्या राष्ट्रीय रेल्वेच्या प्रवासमोहिमेसाठी केलेले असले तरी जाहिरातीसारखे मुळीच वाटत नाही. त्यावर मात्र अजून पुरेसे ऐकणे झालेले नाही. 5 ऑक्टोबर 1980 च्या, तोक्योतील बुदोकान सभागृहातल्या निरोपाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. विवाहासाठी एकविसाव्या वर्षी निवृत्त झालेल्या आणि पुन्हा कधीही व्यासपीठावर न परतलेल्या गायिकेची सारी गाणी ओळखीची झाल्यावरच ती मैफल ऐकावी, असे मला वाटते. त्याआधी मार्च 1979 चे 'बी सायलेंट' घेणार आहे. त्यात मोमोए ओळीतला कळीचा शब्द उच्चारतच नाहीत, त्यामुळे 'प्लेबॅक'मधला खंड आणि हा खंड लागोपाठ ऐकून दोन्ही ठिकाणी तालवाद्ये काय करतात, ते पुढच्या नोंदीत लिहीन.