मारालाही दाद न देणारं पोर

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर शिपाई मावशी एका मुलाला मनगटाला धरून समुपदेशनाच्या खोलीत घेऊन आल्या. इयत्ता दुसरी, वय सात वर्षं दोन महिने. इथे त्याला ओंकार म्हणू. हे त्याचं खरं नाव नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीच्या तळहातात त्यानं टोकदार पेन्सिल रुतवली होती आणि शिसाचं टोक आत मोडलं होतं. ऑफिसात तिचा हात धुणं चालू होतं, तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मावशी, वर्गबाई आणि मुख्याध्यापक अशी तिघांची रागावण्याची फेरी होऊन गेली होती. ओंकार खिडकीच्या गजाचा रंग नखानं खरवडत उभा होता. त्याचं पहिलं वाक्य : "माझी पेन्सिल बाईंकडे आहे. ती कधी मिळणार?"

वर्गबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "कोडगा आहे हो. ओरडा, उभं करा, काही फरक नाही. पालथ्या घड्यावर पाणी."

अशा वेळी 'का केलंस?' हा प्रश्न मी विचारत नाही. सात वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. 'माहीत नाही' तरी मिळतं, नाहीतर मोठ्यांना आवडेल अशी थाप. त्याऐवजी क्रम विचारायचा. त्याच्या आधी काय चाललं होतं? मग ती काय म्हणाली? मग तू काय केलंस? मग काय झालं? ओंकारनं अगदी शांतपणे सांगितलं. शुद्धलेखन चालू होतं, त्याला खोडरबर हवा होता, तिनं दिला नाही. त्यानं पेन्सिल टोचली, तिनं रबर टाकला, त्यानं घेतला. शिवाय शुद्धलेखनही सुटलं. त्याच्या हिशेबात पेन्सिल चांगलीच चालली होती.

मग चेहऱ्यांची चित्रं दाखवली. हसरा आणि रागावलेला चेहरा त्यानं लगेच ओळखला, दुःखी थोडं थांबून. घाबरलेल्या बाईच्या चित्राला मात्र तो म्हणाला, "काहीतरी बघतीये." तो तोंड बघत होता, भुवया-डोळ्यांकडे नजर जातच नव्हती. "फक्त तिचे डोळे बघ" म्हटल्यावर दुसऱ्या प्रयत्नात म्हणाला, "घाबरलीये." मार्क डॅड्स यांच्या गटानं ऑस्ट्रेलियात २००६ साली नेमकं हेच दाखवलं होतं : भावनांचा कोरडेपणा असलेल्या, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं फारसं काही न वाटणाऱ्या मुलांना भीतीचा चेहरा ओळखता येत नाही, पण डोळ्यांकडे बघायला सांगितलं की ती चूक बरीच कमी होते. अर्थात चार चित्रांवरून कुणाचं निदान होत नसतं. नजर कुठे जात नाही एवढंच त्यातून कळतं.

मत बनवण्याआधी बाकीच्या शक्यता काढून टाकाव्या लागतात. कानात मळ साठून कमी ऐकू येणारं मूलही 'ऐकत नाही'. वाचता न येणारं मूल वाचनाच्या तासाला हमखास उद्धट होतं. अतिचंचल मूल आधी करून बसतं, मग त्याला वाईट वाटतं. स्वमग्न मुलाला समोरच्याच्या मनात काय चाललंय हे उमगत नाही, पण आपल्यामुळे कुणाला लागलंय हे समजलं की ते कासावीस होऊ शकतं. ओंकारचं उलट होतं. तिला दुखलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. एक फरक मात्र हमखास नजरेतून सुटतो. मार खाऊन किंवा भयानक काही बघून बधिर झालेलं मूलही बाहेरून असंच दगडासारखं दिसतं. पण त्याच्या आत भीती दडलेली असते : दार आपटलं की दचकतं, झोपेत ओरडतं, अंथरूण ओलं करतं. ओंकारच्या आईला हे एकेक करून विचारलं. काहीच नव्हतं. झोप गाढ. तिसऱ्या वर्षी गच्चीवरच्या टाकीवर चढून बसला होता आणि खाली उतरवल्यावर पुन्हा चढला होता.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत वर्तनविकाराला एक पुरवणी जोडलेली आहे, मर्यादित समाजाभिमुख भावनांची. केल्याचा पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नाही, आपल्या कामगिरीची फिकीर नाही, भावना उथळ किंवा दिसतच नाहीत. या चारपैकी किमान दोन गोष्टी, किमान बारा महिने आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हव्यात. एका मंगळवारी घडलेल्या प्रकारावरून हा शिक्का मारता येत नाही, आणि सातव्या वर्षी तो मारायची घाईही नसते. फाईलवर मी 'उद्धट' किंवा 'कोडगा' असलं काहीच लिहिलं नाही. दिसलं ते लिहिलं.

पुढचे दोन दिवस मी वर्गात मागच्या बाकावर बसले. वहीत तीन रकाने : आधी काय, त्यानं काय केलं, नंतर काय. पस्तीस मिनिटांच्या एका तासात ओंकारला उद्देशून एकतीस सूचना झाल्या. त्यातल्या सव्वीस टेबलापाशी बसून, बेचाळीस डोक्यांवरून. अनेक सूचना मुळात सूचनाच नव्हत्या : "ओंकार, काय चाललंय तुझं?", "तुला लाज वाटते का?", "घरी असाच वागतोस का?" यातलं पाळायचं काय? सूचना एकामागोमाग झडायच्या, तेव्हा दोन सूचनांमध्ये दोन-तीन सेकंदांचंही अंतर नसायचं. तासभरात कौतुक एकदाच झालं, तेही सगळ्या वर्गाचं. बाई वाईट नव्हत्या, बेचाळीस पोरांपुढे थकलेल्या होत्या. पण बाईंचा आवाज हा पंख्यासारखा चालू राहणारा आवाज असतो, एवढं तो मुलगा त्यातून शिकला होता.

ओंकारच्या घरी गेले तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. आई म्हणाली, "मोबाईल ठेव, हात धुऊन ये." तो हलला नाही. तिनं तेच आणखी चारदा सांगितलं, प्रत्येक वेळी आवाज एक पट्टी वर. मग "बाबांना सांगते हं!" त्यानं पाय आपटले आणि किंचाळला. आजी आतून म्हणाली, "जेवताना बघू दे गं. दोन घास पोटात तरी जातील." आईनं ताट समोर ठेवलं. मोबाईल त्याच्या हातातच राहिला. सगळा प्रकार चार मिनिटांचा.

त्या चार मिनिटांत दोघांनाही बक्षीस मिळालं. किंचाळल्यावर आज्ञा मागे घेतली जाते, म्हणून पोर उद्या लवकर किंचाळतं. सोडून दिल्यावर किंचाळणं थांबतं, म्हणून आई उद्या लवकर सोडून देते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत असे प्रसंग मोजून १९८२ साली हे चक्र मांडलं. एका घरात ते दिवसातून वीस वेळा फिरलं तर वर्षाला सात हजारांवर सराव होतो. शाळेत येणारं पोर त्या सरावात तयार होऊनच येतं.

पण किंचाळण्याचं हे चक्र हट्टीपणा समजावतं, कोरडेपणा नाही. त्याचा धागा वडिलांनी दिला. ते एमआयडीसीत पाळीवर कामाला. म्हणाले, "मॅडम, मारालाही दाद देत नाही हा. पट्टा उचलला तरी पापणी हलत नाही. मग मलाच जास्त राग येतो." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. साधारण मुलाला शिक्षेआधी धाकधूक होते, आणि त्या धाकधुकीतूनच 'हे करू नये' हे आत रुजतं. काही मुलांच्या स्वभावात ही धाकधूक जन्मतःच कमी असते. शिक्षा लागू पडत नाही, म्हणून मोठी माणसं मात्रा वाढवतात. चापटीचा धपाटा होतो, धपाट्याचा पट्टा. त्याबरोबर जवळ घेणं कमी होत जातं, कारण डोळे वटारून बघणाऱ्या पोराला कुशीत घ्यावंसं कुणाला वाटेल? आणि अशा मुलात सद्सद्विवेक रुजवायला उरलेली वाट मायेचीच असते. नेमकी तीच बंद होते.

मग हे रक्तातलं की घरातलं? वडिलांचा प्रश्न हाच होता. एसी व्हायडिंग यांनी २००५ साली ब्रिटनमधल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर केलेल्या अभ्यासात, कोरडेपणासह येणाऱ्या समाजविरोधी वागण्यात अनुवंशाचा वाटा सुमारे ८१ टक्के दिसला. कोरडेपणा नसताना तो ३० टक्के होता. आकडा ऐकून वडील खचले. म्हणून दुसरा अभ्यासही सांगितला. २०१८ मध्ये रिबेका वॉलर आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या २२७ जोड्या पाहिल्या. दोघांची जनुकं एकच, तरी ज्याच्या वाट्याला जास्त कठोरपणा आणि कमी माया, त्याच्यात कोरडेपणा जास्त. दत्तक मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासातही (२०१६) जन्मदात्या आईकडून आलेला हा धोका दत्तक आईच्या कौतुकानं, प्रोत्साहनानं सौम्य झालेला दिसला. बी रक्तातून येतं हे खरं, पण पाणी कुठलं घालायचं हे हातात असतं.

शाळेत कुणीतरी "दाखला देऊन टाका" असंही सुचवलं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७नुसार मारता येत नाही. तो विषय तिथेच संपला.

उपाय ठरवताना आधी त्या मुलीचं पाहिलं. जागा बदलली, तिच्या पालकांना पूर्ण प्रकार सांगितला. 'सॉरी म्हण' हे मी करून घेतलं नाही. अशा मुलाकडून जबरदस्तीनं वदवलेलं सॉरी म्हणजे सुटकेचा परवाना, तो ते दोन दिवसांत शिकतो. आणि जिला लागलंय तिला त्याच्या सरावाचं साहित्य करू नये. भरपाई म्हणून त्यानं वर्गाच्या डब्यातल्या सगळ्या पेन्सिलींना बाईंसमोर टोकं केली.

वडिलांना मार बंद करायला सांगताना नीतीची भाषा वापरली नाही. "चुकीचं आहे" म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, एवढंच. "दोन वर्षं हे औषध देताय, ताप उतरला का?" हे पटलं.

घरी रोज दहा मिनिटं खेळ, मूल म्हणेल तो. त्यात मोठ्यानं प्रश्न विचारायचा नाही, आज्ञा द्यायची नाही, शिकवायचं नाही. तो करतोय ते फक्त बोलून दाखवायचं : "लाल गाडी पुलाखालून चालली." त्याच्या उंचीला बसून, डोळ्यांत बघून, पाठीवर हात. वडिलांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात सकाळी साडेसातला. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी आईच्या तोंडून दहा मिनिटांत सतरा प्रश्न निघाले.

सूचना हातभर अंतरावरून, नावानं, नजर मिळाल्यावर, एका वेळी एकच, आणि काय करायचं ते सांगणारी. "पळू नको" ऐवजी "चालत ये." मग मनात पाच आकडे. अजून नाही, तर एकदाच पुन्हा. केलं की तिथल्या तिथे राजम्याचा एक दाणा त्याच्या बरणीत. पाच दाण्यांना त्यानं निवडलेली एक गोष्ट : फळा पुसणं, घंटा वाजवणं, घरी आजीबरोबर पत्त्यांचा डाव. दाण्यांवर भर देण्याचं कारण आहे. डेव्हिड हॉज आणि डॅड्स यांना २००५ साली आढळलं की अशा मुलांवर बाजूला बसवण्याची शिक्षा फारशी चालत नाही, पण बक्षिसाचा भाग बाकीच्या मुलांइतकाच चालतो. म्हणून बाजूला बसवणं ठेवलं ते तीन मिनिटांचं, भाषणाशिवाय.

पहिल्याच आठवड्यात बिघडलं. बाई दाणे शाळा सुटताना एकदम देत होत्या. सकाळी केलेल्या गोष्टीचं बक्षीस साडेचारला म्हणजे कशाचं ते त्याला कळेचना. गुरुवारी तो कुणाच्या तरी पायात आडवा आला म्हणून त्यांनी तीन दाणे परत घेतले. त्यानं बरणी उपडी केली. "घ्या सगळे." कमावलेलं काढून घ्यायचं नाही हा नियम मी तोंडी सांगितला होता, लिहून द्यायला हवा होता. दुसऱ्या आठवड्यात जेवणाचा मोबाईल बंद केला, तेव्हा तो पस्तीस मिनिटं किंचाळला आणि छत्तिसाव्या मिनिटाला आजीनं फोन हातात दिला. म्हणजे आता किंमत पस्तीस मिनिटं ठरली. बंद केलेलं वागणं जाण्याआधी एकदा जोरात उसळतं, हे आजीलाही आधी बसवून सांगायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं कमालच केली. इतरांची दप्तरं गुपचूप खाली पाडायची आणि मग बाईंसमोर उचलून द्यायची. दिवसाला चार दाणे! हुशारीला दाद द्यावीशी वाटली. मग मदतीचे दाणे बंद केले आणि कुणाला हात न लावता गेलेल्या प्रत्येक तासाला दाणा ठेवला.

मारणं-टोचणं-ढकलणं सुरुवातीला आठवड्याला नऊदा नोंदलं होतं, बाराव्या आठवड्यात तीनदा. अशी मुलं सुधारतात, पण मुळात खूप मागून निघालेली असल्यामुळे बरेचदा इतरांच्या मागेच राहतात. वर्गबाईंना मी हे आधीच सांगितलं होतं, नाहीतर तीनचा आकडा त्यांना हार वाटला असता.

चौदाव्या आठवड्यात पाण्याच्या टाकीपाशी त्याचा धक्का लागून पहिलीतलं एक पोर पडलं. गुडघा फुटला. ओंकार जागचा हलला नाही. त्या पोराच्या तोंडाकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, हा घाबरलाय." उचलायला वाकला नाही. बाईंनी वहीत दोन्ही लिहिलं, आणि बरणीत दाणा टाकायचा का ते विचारायला मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत आल्या.