एडर्लीचे कान

मी न्यू जर्सीत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. त्या दिवशी क्लिनिकमध्ये चौदा वर्षांची एक मुलगी आली होती, शाळेच्या टीममधून पोहणारी. आईवडील मूळचे सांगलीचे. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, स्पष्ट होता: दोष आतल्या कानात, दोन्ही बाजूंना, वरच्या पट्टीचे आवाज जास्त गेलेले. मी हिअरिंग एडबद्दल बोलायला लागले, तर वडील मधेच म्हणाले, "ते घेऊच. पण ताई, आधी पोहणं बंद कर म्हणून तुम्हीच हिला सांगा. माझं ऐकत नाही."

कारण विचारल्यावर त्यांनी अमेरिकन जलतरणपटू गर्ट्रूड एडर्लीचं नाव घेतलं. मुलीनं तिच्यावर शाळेत प्रोजेक्ट केला होता. "शेवटपर्यंत वाचलंय मी. इंग्लिश खाडी पोहली आणि बहिरी झाली."

मुलगी खाली मान घालून बसली होती. आपल्या आवडत्या बाईचंच आयुष्य आपल्याविरुद्ध वापरलं जातंय, हे तिला फार लागलं असणार. पुढचा पेशंट बाहेर थांबला होता, तरी मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

गर्ट्रूड, म्हणजे ट्रूडी, 1905 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली. जर्मनीहून आलेल्या वडिलांचं अॅमस्टरडॅम अव्हेन्यूवर मटणाचं दुकान होतं. पोहायला ती शिकली ती इथेच, न्यू जर्सीच्या हायलंड्सला, कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक वडिलांच्या हातात. आणि तिचे कान बिघडले होते ते लहानपणीच्या गोवरानं, खाडी पाहण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा गोवराची लस नव्हती; अमेरिकेत ती आली 1963 मध्ये. पोहलीस तर आणखी ऐकू येईनासं होईल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, हे खरं आहे. मी ते लपवलं नाही.

"पण आपल्या मुलीचे पडदे शाबूत आहेत, मधला कान कोरडा आहे," मी म्हटलं. "हिचा दोष आतल्या कानात आहे. तिथे तलावाचं पाणी पोचत नाही. पोहणं सोडून हिला एक डेसिबलही परत मिळणार नाही."

वडील बराच वेळ ऑडिओग्रामकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण ती शेवटी बहिरी झालीच ना?"

झाली. चाळिशीपर्यंत जवळजवळ पूर्ण. मला राग आहे तो तिची गोष्ट तिथे तोडण्याचा. 6 ऑगस्ट 1926 ला ती सुमारे साडेचौदा तास पोहून पलीकडे पोचली. तिच्याआधी फक्त पाच पुरुषांना जमलं होतं, आणि त्यांतल्या सर्वांत जलद माणसापेक्षा तिला सुमारे दोन तास कमी लागले. एवढं सगळे सांगतात. त्यानंतर ती घरी यायच्या आधी जर्मनीत आजीला भेटायला गेली, हे किती जण सांगतात? 1933 मध्ये जिन्यावरून पडून पाठ जायबंदी झाली, तरी 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती पुन्हा पाण्यात उतरली. आणि ऐकू येणं गेल्यावर तिनं न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन स्कूलमध्ये कर्णबधिर मुलांना पोहायला शिकवलं. आपलं कसब कोणाच्या कामी यावं हे तिला नेमकं कळलं होतं, असं मला वाटतं. 2003 मध्ये ती गेली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "हिला मशीन काढून पाण्यात उतरावं लागेल. मग सुरुवातीचा आवाज कसा ऐकू येणार?"

हाच खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर आहे: शर्यतीत आवाजाबरोबर चमकणारा दिवा वापरता येतो, आणि तशी सोय मागता येते. मी तिथेच कोचच्या नावानं पत्र लिहिलं: दिवा, हाताच्या खुणा, सूचना देताना चेहरा मुलीकडे. मुलगी एकदम बोलायला लागली. कोच तोंड फिरवून बोलतात तेव्हा काहीच कळत नाही, हे तिनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर टीममधून काढतील अशी भीती होती.

वडिलांनी पत्राची एक प्रत स्वतःसाठी मागितली. दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, आणि मग आम्ही हिअरिंग एडसाठी कानाच्या साच्याचं माप घेतलं.