जुनी गाडी पूर्ववत केली, तर विकताना पैसे निघतील का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून जुन्या गाड्यांविषयी विचारायला येणारे लोक वेगवेगळे असले, तरी त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: गाडी पूर्ववत करायला जेवढा खर्च येईल, तेवढा ती विकताना वसूल होईल का? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सर्वसाधारण गाडीच्या बाबतीत माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोणाला नाउमेद करण्याचा यात हेतू नाही. वाचवता येण्याजोग्या गाड्या चुकीच्या हिशेबापायी अर्धवट उघडल्या जातात आणि मग तशाच शेडमध्ये पडून सडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खर्च आणि किंमत या दोन गोष्टी निरनिराळ्या ठिकाणी ठरतात. खर्च ठरतो पत्र्यावर आणि हरवलेल्या सुट्या भागांवर. सडलेला तळ कापून नवा पत्रा बसवायला टिंकरिंग करणाऱ्या कारागिराला जितके दिवस लागतात, तितके ते गाडी प्रीमियर पद्मिनी असली तरी लागतात आणि संस्थानी घराण्यातली परदेशी मोटार असली तरी लागतात. बोनेटवरचे नाव पाहून त्याची मजुरी कमी होत नाही. किंमत मात्र त्या नावावर, गाडीच्या दुर्मिळतेवर, तिच्या मूळपणावर आणि कागदपत्रांवर ठरते. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, ती बातमी वाचून ‘जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला’ असे अनेकांनी मला सांगितले. तशा गाड्या जगात दोनच बनल्या होत्या. आपल्याकडची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत होती आणि अँबॅसडर उत्तरपाड्याहून थेट २०१४ सालापर्यंत. वय वाढल्याने गाडी जुनी होते, तेवढ्यावर ती दुर्मिळ होत नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात निघणारी मेबॅक ही जुनी जर्मन मोटार पाहायला लोक गर्दी करतात, कारण त्या गाडीमागे छत्रपती घराण्याचा इतिहास उभा आहे. तो कोणत्याही गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही.

आता एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, चिकोडीकडच्या एखाद्या वाड्यातली पद्मिनी तुम्ही ८० हजारांना घेतली. पत्रा आणि रंग यांवर दोन लाख गेले, इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांवर ८० हजार, सीट, आतले कापड आणि वायरिंग यांवर ५० हजार, क्रोम, रबर, काचा आणि त्यांच्या शोधाशोधीवर ४० हजार. बेरीज साडेचार लाख होते. गिऱ्हाईक जर तीन लाखांच्या पुढे जात नसेल, तर तो अडाणी आहे असे समजू नका. त्याला तशीच चालती, बऱ्या रंगाची पद्मिनी दुसरीकडे तीन लाखांना मिळत असते, म्हणून तो तुमच्या पावत्या पाहत नाही. याच कारणाने, ज्याला फक्त गाडी हवी आहे, कामाची हौस नाही, त्याला मी नेहमी पूर्ण झालेली गाडीच घ्यायला सांगतो. दीड लाखाचा तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

पत्र्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण आपल्या जिल्ह्यात तो सगळीकडे सारखा नसतो. जांबोटी, कणकुंबी या बाजूला पावसाळ्यात हवेतला ओलावा महिनोन्‌महिने हटत नाही. अशा ठिकाणी मातीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ, दारांखालची पट्टी, डिकीचा खालचा भाग आणि मडगार्डच्या आतल्या कडा आधी जातात, आणि वरून गाडी धडधाकट दिसत राहते. अथणी, रायबागकडच्या कोरड्या हवेत त्याच वयाची गाडी पुष्कळदा उन्हाने रंग उडालेली, सीट फाटलेली, पण पत्र्याने शाबूत मिळते. मी डोळे झाकून ही दुसरी गाडी निवडेन. रंग आणि कापड विकत मिळते. सडलेला पत्रा मात्र हाताने घडवावा लागतो. त्यातही पद्मिनी आणि अँबॅसडर यांना जिपेसारखी स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे तळ गेला की गाडीचे बळच गेलेले असते. पाहायला जाताना खिशात एक साधे लोहचुंबक ठेवावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टीचा थर आहे. नुकताच चकचकीत रंग मारलेली स्वस्त गाडी मला म्हणूनच सर्वांत धोक्याची वाटते.

इंजिनाची भीती लोक उगाच बाळगतात. बेळगावात फाउंड्रीचा आणि मशीन शॉपचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. बोअर करणे, लायनर बसवणे, क्रँक ग्राइंडिंग, एखादे बुश नव्याने करून घेणे ही कामे उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत होतात आणि त्यांचा खर्च आधी सांगता येतो. खरा त्रास होतो तो बारीकसारीक गोष्टींचा. मूळ ग्रिल, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, काचेभोवतीचे बीडिंग यांच्यासाठी बंगळूरच्या जेसी रोडपासून मुंबईपर्यंत विचारत फिरावे लागते. पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर मुंबईत तिच्या मालाला रोजचे गिऱ्हाईक होते. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि आता तो माल हौशी लोकांपुरताच उरला आहे.

जिपांचे गणित काहीसे वेगळे आहे, आणि आपल्या भागात त्या शेतावर, कारखान्यावर पुष्कळ राबल्या असल्याने त्याविषयी विचारणाही जास्त होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली खरी विलीज किंवा फोर्डची जीप मिळाली, तर तिला आजही उत्साहाने घेणारे आहेत. फोर्डने आपल्या जिपांच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उठवले होते, आणि जाणकार गिऱ्हाईक खाली वाकून ते शोधतात. परंतु पेट्रोल परवडेना म्हणून अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले आणि आरसी बुकात पेट्रोलच राहिले. त्या वेळी तो निर्णय व्यवहाराचा होता, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आज मात्र इंजिन क्रमांक जुळत नाही म्हणून आरटीओमध्ये अडते आणि संग्राहकही पाठ फिरवतात. जुने इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असेल, तर ते भंगारात घालू नये.

कागदांचा विषय आपल्या सीमेवर फार महत्त्वाचा आहे, आणि लोक तो सर्वांत शेवटी काढतात. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, एक मुलगा बेळगावात, दुसरा कोल्हापुरात, मुलगी गडहिंग्लजला, असे इथले कित्येक संसार आहेत. वारसांच्या नावे गाडी करून घ्यायला फॉर्म ३१ लागतो आणि सर्वांची संमती लागते. ती मिळायच्या आधी रंगावर लाख रुपये घालणे म्हणजे सातबारा न पाहता विहीर खोदण्यासारखे आहे. एमएच ०९ ची गाडी घेऊन ती बेळगावातच ठेवायची असेल, तर कोल्हापूरहून फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणून बारा महिन्यांच्या आत इथली नोंदणी करायची आणि कर्नाटकाचा कर भरायचा, हा खर्च तुमच्या बेरजेत धरला पाहिजे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. नोंदणीची मुदत कधीच संपून गेलेली असेल, तर दंडाची चौकशी आधी करावी.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले, त्यामुळे ‘व्हिंटेज करून घेतली की भाव वाढेल’ असा समज पसरला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीलाच ती नोंदणी मिळते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे टिकते. त्या नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. लग्नाच्या वरातीला भाड्याने देता येत नाही. म्हणजे १९८५ च्या अँबॅसडरला ती मिळणार नाही, आणि १९६८ च्या फियाटला मिळाली तरी तिच्यातून उत्पन्न काढता येणार नाही.

ज्या गाडीला अजून कोणी हात लावलेला नाही, तिच्याविषयी माझे मत ठाम आहे: ती होता होईल तो तशीच ठेवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात बायों या फ्रेंच कुटुंबाच्या संग्रहातली एक फेरारी धुळीसकट मांडली होती, वर्षानुवर्षे जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली, आणि तिला दीड कोटीहून अधिक युरो मिळाले. आपल्या गाडीला त्यातला अंशही मिळणार नाही हे खरे. तरीही कारखान्यातून आलेला रंग थोडा विटलेला असला, तरी जाणत्या गिऱ्हाइकाला तो नव्या रंगापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्याखाली काय आहे ते त्याला दिसते.

विकण्यासाठीच करणार असाल, तर करू नका. आहे त्या स्थितीत, पूर्ण कागदांनिशी, योग्य माणसाला द्या. वडिलांची गाडी घरात राहावी एवढीच इच्छा असेल, तर खर्च परत येण्याची अपेक्षा सोडून, पण टप्प्याटप्प्याने काम काढा: आधी नाव आणि नोंदणी, मग ब्रेक, वायरिंग, टाकी आणि इंजिन, त्यानंतर तळाचा पत्रा, आणि रंग अगदी अखेरीस. दरम्यान गाडी सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर उभी करा, चाकांखाली ठोकळे द्या, बॅटरी काढून ठेवा आणि काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून जपा. माझ्याकडे याल तेव्हा आरसी बुक आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा सोबत आणा. अंदाज मी त्यानंतरच सांगू शकेन.