आमची वाटचाल : पंपाच्या मोटारीपासून स्कूटरच्या कंट्रोलरपर्यंत

आमचं दुकान बेळगावात, शहापूर भागात आहे. आप्पांनी ते सुरू केलं तेव्हा तिथं फक्त पंपाच्या मोटारी रिवाइंड व्हायच्या. उन्हाळा लागला की खानापूर, चंदगड, निपाणीकडून जळालेल्या मोटारी यायच्या आणि वार्निशचा वास रात्रीपर्यंत कपड्यांना राहायचा. मी शाळेत असतानाच कॉइल भरायला शिकलो. पुढं आम्ही इलेक्ट्रिक स्कूटरींच्या कामात पडलो ते एका गुरुजींमुळं.

गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांची अठ्ठेचाळीस व्होल्टची जुनी स्कूटर, पंचवीसच्या आत पळणारी, बिनलायसनची. ज्या एजन्सीतून घेतली ती बंद झालेली. गाडी ढकलत आणली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही मोटारवाले, एवढं बघा की." मागचं चाक हातानं फिरवलं तर जड. स्विच बंद, तरी कुणीतरी आतून धरल्यासारखं. कंट्रोलरकडून, म्हणजे बॅटरीचा करंट मोटारीला वाटून देणाऱ्या पेटीकडून, येणाऱ्या तीन जाड वायरी सोडवल्या आणि चाक मोकळं सुटलं. म्हणजे मोटार चांगली होती, कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाले होते. आजही स्टँडवर गाडी चढली की आमची पहिली तपासणी हीच असते, आणि तिला मीटरसुद्धा लागत नाही.

नवा कंट्रोलर मागवला. तीन जाड वायरी म्हणजे तीन फेज. पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी, निळीला निळी जोडली आणि रेस दिली. चाक हिसके देत घरघरायला लागलं. आप्पा म्हणाले, "अरे, दोन फेज उलटसुलट कर, पंपाला करतोस तसं." केलं. घरघर वाढली. मी रेस धरूनच राहिलो, आणि मिनिटाभरात जळका वास आला. गुरुजींना खरं ते सांगितलं आणि दुसरा कंट्रोलर आमच्या पैशातून आणला.

आप्पांचं पंपाचं ज्ञान खोटं नव्हतं. तीन फेजच्या पंपात कुठल्याही दोन फेज बदलल्या की मोटार उलटी फिरते, बस्स. पण चाकातल्या बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीत तीन हॉल सेन्सर बसलेले असतात. चुंबक आत्ता कुठं आहे हे ते कंट्रोलरला सांगतात आणि त्यावरून कंट्रोलर कुठल्या फेजला करंट द्यायचा ते ठरवतो. हॉलचा क्रम आणि फेजचा क्रम जुळला नाही तर करंट भलत्या वेळी भलत्या कॉइलला जातो. मोटार ओढत राहते, फिरत नाही, आणि ती सगळी ताकद मॉस्फेटच्या अंगावर येते. रंग प्रत्येक कारखान्याचे आपापले. पिवळी वायर पिवळीलाच लागते असा नियम कुठंच नाही.

दुसरा कंट्रोलर लावण्याआधी आप्पांनीच युक्ती काढली. रिवाइंडिंगच्या दुकानात सिरीज लॅम्प, म्हणजे तपासणीसाठी करंटच्या वाटेत घालायचा बल्ब, असतोच. तसाच एक डीसीसाठी केला : बारा व्होल्टचे हेडलाइटचे चार बल्ब एकामागं एक जोडून बॅटरीच्या प्लसमध्ये घातले. जोडणी चुकली तर बल्ब पेटतात आणि कंट्रोलर बहुतेक वेळा वाचतो. बॅटरी जोडताना कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर एकदम भरल्यामुळं उडणारी मोठी ठिणगीही त्यामुळं उडत नाही.

मग हॉलच्या पाच बारीक वायरी. लाल आणि काळीत पाच व्होल्ट आले का ते पाहिलं. चाक अगदी सावकाश फिरवत उरलेल्या तिन्हींवर एकेक करून मीटर धरला. काटा शून्यावरून पाचाकडं आणि पुन्हा शून्यावर येतोय का? तिन्हींवर आला. मग हॉल आहेत तसे ठेवून फक्त जाड वायरी बदलत गेलो. तीन वायरींच्या जोडण्या सहाच होतात. त्यातल्या एकीतच चाक सुरळीत फिरतं, बाकी पाचींत हिसके नाहीतर घरघर. आम्हाला पाचव्या खेपेला सापडलं. आवाज इतका बारीक झाला की आप्पांनी चाकाला कान लावला. टाँग टेस्टरवर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरवर, मोकळ्या चाकाला एक अँपिअरसुद्धा दिसत नव्हता.

त्याच रात्री बायकोनं शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर गुरुजींच्या गाडीची जोडणी लिहिली. कुठली वायर कुठं, रेसच्या वायरीवर सोडल्यावर किती व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर किती, सगळं. तेव्हापासून वायर कापण्याआधी नोंद होते, मग कटर हातात घ्यायचा. आमच्याकडचा मुलगा बैलहोंगलचा, घरी कन्नड. त्याच्या सोयीसाठी पानाच्या उजव्या बाजूला कन्नडमध्ये लिहितो : हळदी, हसिरु, नीली. हळदी म्हणजे पिवळी हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानं आमचं काम एकदम वाढलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या स्कूटरी आल्या. त्यांतले बरेच कंट्रोलर ठीक होते, कनेक्टर मात्र हिरवे पडलेले. तेव्हापासून जुने कनेक्टर आम्ही परत वापरत नाही. जोड झाळून घेतो, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवतो आणि वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोका ठेवतो, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. आपल्याकडच्या पावसात हा झोका फार कामाला येतो.

हल्ली बऱ्याच कंट्रोलरला दोन बारीक पांढऱ्या वायरी येतात. त्या जोडल्या की कंट्रोलर स्वतःच हॉल ओळखतो. चाक उलटं फिरलं तर सोडून परत जोडायच्या, सरळ फिरलं की सोडून टेप लावायची. काम दहा मिनिटांवर आलंय, पण बल्ब आणि वही दोन्ही अजून लागतात. एका पुरवठादाराच्या मालावर अठ्ठेचाळीस व्होल्ट छापलेलं होतं आणि आत कपॅसिटर पन्नास व्होल्टचे. चारही बॅटऱ्या पूर्ण चार्ज झाल्या की व्होल्टेज पन्नासच्या वर जातं. तो माल आम्ही परत पाठवला, आणि आता नव्या मालातला एक तरी खोलून बघतोच.

मोठा कंट्रोलर टाकून स्पीड वाढवून द्या म्हणणारे रोज येतात. ते काम आम्ही घेत नाही. अडीचशे वॅट आणि पंचवीस किलोमीटरच्या मर्यादेत आहेत म्हणूनच या गाड्यांना लायसन आणि नोंदणी लागत नाही. शिवाय त्यांचे ब्रेकही तेवढ्याच वेगाचे असतात. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालतं.

आता तिसरी वही चालू आहे. आप्पांना बारीक अक्षर दिसत नाही, पण चाक फिरायला लागलं की आतून हाक येते, "टाँग टेस्टर लावलास का?" गेल्या महिन्यात गुरुजी बॅटऱ्या बदलायला आले होते, तिसऱ्यांदा. वहीचं पहिलं पान मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि बायकोला म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." कंट्रोलर तोच आहे.