रोज बुडतो त्याचं काय

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईल चाळत बसलो होतो, तर कॅन्सरचे डॉक्टर रवी कन्नन यांच्यावरचा एक जुना लेख समोर आला. २०२० ची पद्मश्री आणि २०२३ चा मॅगसेसे मिळालेले हेच ते. नाव ऐकलेलं होतं पण खरं सांगू का, पुरस्काराच्या बातम्या मी वाचत नाही, शाल-श्रीफळ फोटो बघायचा आणि पुढं जायचं. हा मात्र पूर्ण वाचला, दोनदा वाचला, आणि मग पेठच्या मावशी आठवत राहिल्या.

मावशी म्हणजे नात्यातल्या नाहीत. दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेत दरवर्षी पेठकडून मजुरांची टोळी येते, छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळं तेच लोक करतात, त्यातल्या या. काका पण सोबत असतात. ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच त्यांच्या गालात आतून चट्टा उठलेला. भाकरीला तिखट लावलं की झोंबायचं, म्हणून दोन महिने नुसत्या भाताच्या पेजेवर काढले पण बोलल्या नाहीत कोणाला. मिश्री लावायची सवय लहानपणापासूनची. विरळणी उरकल्यावर जानेवारीत दवाखान्यात गेल्या आणि तपासणीचा तुकडा काढला तर कॅन्सर निघाला.

इथं नाशकातच ऑपरेशन झालं, टाटाला न्यायची गरज पडली नाही. सरकारच्या महात्मा फुले योजनेत फुकट बसलं सगळं. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, त्यात दहा-बारा दिवस गेले, पण तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाने, कागद कुठून कसा आणायचा ते नीट सांगितलं म्हणून निभावलं. मग एप्रिलमध्ये लाईट सुरू झाली, म्हणजे रेडिएशन, आमच्याकडं बरेच जण शेकच म्हणतात त्याला. तेहतीस शेक, आठवड्यातनं पाच दिवस, सुट्टी न करता.

अठरा झाले आणि मावशी यायच्या बंद.

दवाखान्यातनं मला फोन आला कारण फॉर्मवर नंबर माझा होता. मी लगेच काकांना फोन लावला आणि सरळ ओरडलो. अहो फुकट मिळतंय तर तेवढं पण तुम्हाला जमत नाही का, मधेच सोडलं तर ऑपरेशनचा काय उपयोग, वगैरे वगैरे, जे आपण शिकलेले लोक बोलतो ते सगळं बोललो. काका शांतपणे म्हणाले, "भाऊ, फुकटच आहे, पण रोज बुडतो त्याचं काय?"

मग हिशोब केला. पेठहून नाशिक पन्नासेक किलोमीटर, एसटीत मावशींचं अर्धं तिकीट पण काकांचं पूर्ण. सकाळी निघायचं, शेक पाच-दहा मिनिटांचा, परत जायला संध्याकाळ. दोघांचा मिळून दिवसाचा आठशे रुपये रोज, म्हणजे मजुरी, बुडायचा. तेहतीस दिवसांचे सव्वीस हजार चारशे, ते पण एप्रिलमध्ये, जेव्हा खरड छाटणीचा पैसा येतो आणि त्यावर पावसाळा काढायचा असतो. त्यात मुकादमाची उचल आधीच घेतलेली. आणि मी विचारत होतो जमत नाही का.

आता कन्नन यांच्याकडं येतो. हा माणूस चेन्नईत कॅन्सरचा सर्जन, चांगलं नाव, मोठी संस्था. ते सगळं सोडून २००७ मध्ये बायको-मुलीला घेऊन आसामात सिल्चरला गेला, लोकांनी वर्गणी काढून उभं केलेल्या कछार कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. तेव्हा तिथं स्टाफ होता २३ जणांचा. पेशंट बहुतेक चहामळ्यातले नाहीतर रोजंदारीवरचे. मशीन, औषधं हे तर जमवलंच त्यांनी, पण त्यांच्या लक्षात आलं की लोक उपचार मधेच सोडून जातात, आणि का जातात तर सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, घरी चूल पेटत नाही. मग पेशंटला राहायला जागा दिली, जेवण दिलं, आणि जो सोबत आलाय त्याला हॉस्पिटलच्या आवारातच काहीतरी काम दिलं, रोज दिला! जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी टीम जाऊ लागली. मॅगसेसेच्या मानपत्रात लिहिलंय की उपचार घेणाऱ्या आणि पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ७० वर गेलं.

२८ म्हणजे शंभरातले बहात्तर जण अर्ध्यावर सोडत होते किंवा घेतच नव्हते. मी त्या बहात्तर जणांनाही ओरडलो असतो.

असंच काम अमेरिकेत पण एकानं केलं बरं का, डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन, न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये सर्जन. गरीब काळ्या बायका स्तनाचा कॅन्सर पार पुढं गेल्यावर यायच्या, त्यातल्या ३९ टक्केच पाच वर्षं जगायच्या. त्यांनी फुकट तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये पेशंटच्या सोबत एक माणूस दिला, कागदपत्रं, विमा, तारखा, भीती हे सगळं सांभाळणारा. पुढं तोच आकडा ७० वर गेला. एवढ्या श्रीमंत देशात सुद्धा हात धरून न्यायला माणूसच लागला. आपल्याकडचा आरोग्यमित्र जरा त्याच जातकुळीतला, फक्त तो काउंटरच्या पलीकडं बसतो, पेठपर्यंत येत नाही.

मावशींचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलंच. आठ दिवस खाडा पडला होता. तेव्हा मला कन्नन वगैरे काही माहीत नव्हतं, नुसती लाज वाटत होती. माझ्या साडूच्या ओळखीतल्या एकाची म्हसरूळकडं रोपवाटिका आहे, त्याला ट्रे भरायला माणूस हवाच होता, तिथंच पत्र्याची खोली. काका सकाळी ट्रे भरायचे, दुपारी मावशींना घेऊन दवाखान्यात, मशीनची वेळ तीनची मागून घेतली. डॉक्टर खाड्याबद्दल नाराज होते, पण त्यांनी मधल्या दिवसांची भरपाई कशी करायची ते बसवलं आणि उरलेले पंधरा झाले पूर्ण.

आता दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात. शेकानं जबडा आखडतो म्हणून तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची. गेल्या खेपेला आमच्या ओट्यावर बसून त्यांनी पदराच्या गाठीतनं काड्यांचा गठ्ठा काढला, रबर लावलेला, आणि मला मोजायला लावल्या. अकरा होत्या. ऑपरेशननंतर पाचच बसत होत्या म्हणे.

मिश्री सुटली का विचारलं तर काकांकडं बघून हसल्या. काका म्हणाले, "तिची सुटली, माझी तंबाखू ऱ्हायली."

त्यांना पण पुढच्या वेळी तोंड दाखवायला बसवणार आहे.