गाविलगडचा पट: दक्षिणेच्या मोर्चाचा तिढा सुटला

मंडळी, गाविलगडच्या वेढ्यावरच्या आपल्या पटखेळाचं दुखणं जुनंच होतं. इंग्रज सेनापती वेलस्लीकडून खेळणारा दुसऱ्याच दिवशी दक्षिणेच्या मोर्चातून (मोर्चा म्हणजे तोफा मांडायची जागा) आतल्या किल्ल्याला खिंडार पाडायचा. मग त्याच्या कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून उत्तरेला लबाडा गावापर्यंत ओढत नेलेल्या जड तोफा नुसत्या शोभेला. डिसेंबर १८०३ मध्ये घडलं नेमकं उलटं. १२ तारखेच्या रात्री उत्तरेला दोन मोर्चे उभे राहिले, १४ च्या रात्रीपर्यंत तिकडचं खिंडार चढण्याजोगं झालं आणि १५ ला सकाळी हल्ला झाला. दक्षिणेच्या तोफांनी तटाचं फारसं काही बिघडवलं नाही.

पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो तो: दर ५० मीटर चढाला एक फासा कमी. निकाल बरा येतो, पण हिशोब खोटा आहे. सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटलेला गोळा ३०० मीटर वर चढला तर त्याची ऊर्जा चार टक्क्यांनीही घटत नाही. हवेचा रोध त्याहून कितीतरी जास्त खातो, आणि तो अंतराच्या तक्त्यात आधीच धरलेला आहे. हा नियम रद्द.

ग्राफ पेपरवर डोंगराचा उभा छेद काढल्यावर खरी गोम कळली. खिंडार पाडायचं तर तटाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात आडवी चीर पाडतात, मग दोन टोकांना उभ्या चिरा. म्हणजे भिंत आपल्याच वजनाने पुढे कोसळते आणि मलब्याचा उतार तयार होतो. दक्षिणेकडून खालून पाहिलं तर कड्याच्या काठाआड तो खालचा हिस्साच दिसत नाही. वर दिसतो तिथे गोळा तिरपा बसतो. भिंतीच्या पृष्ठाशी ३० अंशांचा कोन असेल तर आत शिरणारा वेग निम्मा आणि ऊर्जा पावच उरते. त्यातूनही दगड निखळलेच, तर मलबा तटापाशी न साचता कड्यावरून खाली जातो. चढायला उतार मिळतच नाही.

नवा नियम दोऱ्याचा. तोफेच्या तोंडापासून तटाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या टाचणीपर्यंत दोरा ताणा. मध्ये डोंगराच्या फोमचा थर (आपला एक थर = १० मीटर) शिवला, तर खिंडाराचे गुण शून्य आणि मारा फक्त कठड्यावर धरायचा. लेसर पॉइंटर घेऊ नका. स्वस्तातल्याचा ठिपका अख्ख्या बुरुजाएवढा पडतो. शिवणाचा काळा दोरा उत्तम.

यातून दुसरंच लफडं निघालं: दक्षिणेच्या खेळाडूला काही कामच राहिलं नाही. मोर्चा पटावरून काढायचं जवळजवळ ठरलं होतं, पण मग मारा-चिठ्ठीत (तोफांना लिहून द्यायचा हुकूम) ‘हेतू’ हा रकाना घातला आणि खेळ बदलला. आता चिठ्ठीवर लक्ष्य, हेतू, दारूगोळा, सुरुवात आणि थांबा एवढं लिहायचं. हेतू तीनच: पाडणे, दाबणे, गुंतवणे. उत्तरेची वाटणी अशीच होती. दोन १८-पौंडी (१८ पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) आणि तीन १२-पौंडी लोखंडी तोफा तट फोडायला. दुसऱ्या मोर्चात दोन १२-पौंडी आणि साडेपाच इंची दोन हॉवित्झर (उंच कमानीत मारा करणाऱ्या आखूड तोफा), हल्ल्याच्या जागेवरचे बचाव मोडायला. दक्षिणेला ‘गुंतवणे’ लिहिलं की किल्लेदार बेनीसिंगाच्या दोन तुकड्या तिकडच्या तटावर अडकतात. त्या हलवल्या तर तो तट उघडा. तोफ तीच, अंतर तेच, पण मोर्चाला काम मिळालं.

‘थांबा’ रकान्यावर अजून वाद आहेत. हल्ल्याची तुकडी खिंडारापासून दोन घरांवर आली की ‘पाडणे’ बंद व्हायलाच हवं, नाहीतर आपलेच गडी मरतात. पण वायरलेस नसलेल्या काळात हे मोर्चाला कळणार कसं? सध्या असं: मध्ये धूर दाखवणारा कापूस नसेल तर मारा आपोआप थांबतो, असेल तर ४ किंवा वर फासा हवा. कापूस सरकी काढलेलाच वापरा, नाहीतर वजनाने गडगडतो.

मोर्चाच्या आडोशाला लावायच्या मातीच्या टोपल्यांसाठी आधी तुराटी चिरून पाहिली, ती फाटते. पऱ्हाटीची बारीक फांदी ६ मिमीला कापली तर साल तशीच राहते आणि रंगही द्यावा लागत नाही. ऑनलाइन मागवलेल्या तोफांची चाकं मात्र पुन्हा वाकडीच आली. गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात टाका.

हे लिहिता लिहिताच एक राहिलेलं लक्षात आलं: रात्र. आत्ता खिंडार एकदा पडलं की पडलेलंच राहतं. रात्री छर्‍याचा मारा चालू ठेवला नाही, तर किल्लेदाराने मलबा उपसून काट्याकुट्या टाकल्याच पाहिजेत. दर रात्री २ गुण वजा. म्हणजे दारूगोळ्याच्या रकान्यात दिवस आणि रात्र अशी फोड करावी लागणार, आणि १८-पौंडीचा साठा ४० वरून ३० वर आणावा लागेल. आतल्या किल्ल्यासाठी उत्तरेच्या खेळाडूला चिठ्ठी द्यायची नाही, तिथे इंग्रजांच्या ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने लावल्या तशा शिड्याच. शिडीचा तक्ता पुढच्या वेळी.