जुन्या टर्बो गाडीची थरथर आणि मधेच बंद पडणं : रोग दोन निघाले

माझी गाडी 2005 मॉडेलची, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, युरोपियन सेडान, सेकंडहँड घेतलेली. रोजचा रस्ता फोंडा ते पणजी. तक्रार अशी की सकाळी थंड इंजिन एकदम ठीक, बाणस्तारीपर्यंत पण ठीक, आणि एकदा का इंजिन तापलं की सिग्नलला उभं राहिल्यावर आरपीएमची सुई 600 ते 1000 च्या मधे झोके घ्यायला लागायची, सीट हलायची, आरसा थरथरायचा. दुसरी तक्रार म्हणजे जरा ओढून चालवली आणि पुढे सर्कल आलं म्हणून एक्सिलेटर सोडून क्लच दाबला की सुई सरळ खाली आणि गाडी बंद. पणजीत कदंब स्टँडच्या सर्कलला मागे बस असताना असं झालं की कळतं हे किती धोक्याचं आहे, कारण इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड आणि ब्रेकचा बूस्टर पण एकदोन वेळाच साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं. त्यामुळे "चालवत रहा, काही होत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यात जास्त इथेनॉलवर. आता E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आणि 2005 ची गाडी हा काळजीचा विषय आहेच, रबरी भागांना ते मानवत नाही हे मलाही मान्य. पण इथेनॉलने नेमकं काय होतं ते बघा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला हवा-पेट्रोल प्रमाण (वजनाने, 1 भाग पेट्रोलला किती भाग हवा) साधारण 14.7 लागतं, E20 ला साधारण 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. ते सगळीकडेच जास्त लागतं, उभ्या गाडीत पण आणि हायवेवर पण. माझी गाडी 2000 आरपीएमच्या वर लोण्यासारखी चालत होती, म्हणून मला हे पटेना.

एका गॅरेजात प्लग, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या चारी कॉइल, आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर आणि पेट्रोल पंप अशी यादी काढून दिली, एकही रीडिंग न घेता. मी गाडी परत आणली. प्लग तसेही बदलायचे होते ते बदलले, कॉइल एकमेकांच्या जागी फिरवून पाहिल्या, मिसफायर (सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) कॉइलच्या मागे गेला नाही, म्हणजे कॉइल सुटल्या.

मग लॅपटॉपला डायग्नोस्टिक केबल लावून बसलो आणि खरं काम इथे झालं. दोन कोड होते, P0300 म्हणजे कुठल्याही सिलेंडरला मिसफायर, आणि P1136, म्हणजे आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) मिश्रण लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. माझ्या गाडीत ग्रुप 032 (रीडिंगचं एक पान) उघडला की फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचे, दोन आकडे दिसतात, पहिला आयडलिंगचा, दुसरा चालत्या गाडीचा. हे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे, हे ज्याला समजलं त्याचे निम्मे पैसे वाचतात. दुसरा आकडा वर असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो मीटर चुकीचं मोजतोय, इथेनॉलचा परिणाम पण तिथेच जास्त दिसणार. पहिलाच वर असेल तर मीटरला न सांगता कुठून तरी हवा आत शिरतेय. आयडलिंगला इंजिन सेकंदाला जेमतेम तीनेक ग्रॅम हवा घेतं, त्यात अर्धा ग्रॅम चोरून आली तरी इंजिन डगमगतं, आणि तीच चोरटी हवा हायवेवर एकूण हवेत कुठे हरवते कळत पण नाही. माझा पहिला आकडा 9 टक्क्यांच्या वर, दुसरा 4 च्या आसपास. एअरफ्लो मीटरचा प्लग काढून गाडी चालू केली तरी थरथर तशीच, म्हणजे मीटरवर पैसे घालायची गरज नव्हती.

आता हवा कुठून शिरते ते शोधायचं. कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघायची पद्धत सगळे सांगतात, पण गरम इंजिनवर आणि टर्बोच्या शेजारी ते फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण, कृपया करू नका. आणि लीक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाच्या) खालच्या बाजूला असेल तर तिथे फवारा पोचतच नाही. एक सोपी खूण मात्र मिळाली, चालू इंजिनचं ऑइल फिलर कॅप उघडलं तर आयडलिंग बिघडायला हवं, माझं काहीच बदललं नाही. म्हणजे क्रँककेस (इंजिनचा खालचा, तेलाचा बंद भाग) आधीच कुठेतरी उघडी आहे.

माझा मित्र वेर्ण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्याने पीव्हीसीच्या एंडकॅपला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून दिला. तो एअरफ्लो मीटरच्या पुढच्या पाइपात घट्ट बसवायचा आणि पंपाने आत हवा भरायची. दाब अगदी कमी ठेवायचा, 3-4 पीएसआय पुरे, कारण ही हवा क्रँककेसमध्ये पण जाते आणि जास्त झाली तर ऑइल सील जातात. फोंड्यातल्या मेस्ताच्या (मेकॅनिकच्या) शेडमध्ये इंजिन बंद करून, सगळे पंखे बंद करून आम्ही नुसते कान लावून उभे. मेस्ताने मॅनिफोल्डच्या खाली छोटा आरसा घातला, साबणाचं पाणी सोडलं आणि ओरडला, "दादा, हांगा पळे!" (इथे बघ!) फेस बुडबुड येत होता.

क्रँककेसची वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी रबरी नळी. वर्षानुवर्षं तेल पिऊन इतकी मऊ झालेली की हातात दाबली तर चिखलासारखी, आणि वाकणापाशी खालून लांब चीर. थंड असताना रबर जरा कडक राहून चीर मिटलेली असायची, शिवाय थंड इंजिनला पेट्रोल पण जास्त मिळतं, तापली की नळी आत ओढली जाऊन तोंड उघडायचं. नळीतला वन-वे व्हॉल्व्ह पण दोन्हीकडून फुंकर घेत होता, म्हणजे टर्बो लागला की बूस्टची (टर्बोने दाबलेली) हवा उलटी क्रँककेसमध्ये.

नळी बदलताना एक गोष्ट नक्की सांभाळा. रेडिएटरच्या दुकानात मापाची नळी मिळते आणि बसते पण, पण कूलंटची नळी बहुतेक ईपीडीएम रबरची असते, तेलाची वाफ लागली की ती फुगते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारी, नायट्राइल किंवा त्याहून वरच्या रबरची नळी मागा.

थरथर त्याच दिवशी गेली. बंद पडणं मात्र राहिलं. आधीच्या मालकाने एक्सिलेटर सोडल्यावर फुस्स आवाज यावा म्हणून बूस्टची हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला होता. एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत ती हवा मीटरने आधीच मोजलेली असते, कॉम्प्युटर तिच्या हिशोबाने पेट्रोल देतो, आणि हवा तर बाहेर गेली. मग मिश्रण एकदम रिच (पेट्रोल जास्त), सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास आणि गाडी बंद. एक रोग लीनचा, एक रिचचा, दोन्ही एकाच बोनेटखाली, म्हणून एका कारणाने दोन्ही समजावायला गेलं की गोंधळ होत होता. हवा परत टर्बोच्या तोंडात सोडणारा मूळ प्रकारचा व्हॉल्व्ह बेळगावहून मागवला, बसवला आणि बंद पडणं थांबलं.

शेवटी थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) साफ केली, कोड पुसले आणि इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून ग्रुप 060 मध्ये थ्रॉटलचं अ‍ॅडॅप्टेशन केलं, म्हणजे झडपेची जागा कॉम्प्युटरला नव्याने शिकवली, हे साफसफाईनंतर करावंच लागतं, नाहीतर आयडलिंग वर चढून बसतं. आठवड्याने ट्रिम बघितले तर पहिला आकडा 1 ते 2 च्या मधे, दुसरा अजून 4 च्या आसपास, तेवढं मी इथेनॉलचं धरतो. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून सुई 840 ला स्थिर. टर्बोच्या तोंडाकडच्या मोठ्या रबरी पाइपाला पण बारीक चिरा दिसल्यात, तो मागवलाय, पावसाआधी बसवून घेणार.